टॅबवरची निसर्गचित्रं आणि अब्बांचा प्रश्न

टॅबवर निसर्गचित्रं काढते असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे फोटो काढून त्याच्यावर काहीतरी करता ना?" शाळेतल्या सहकारी बायका विचारतात, शेजारपाजारचे विचारतात, एकदा तर बँकेतल्या कारकुनानंही विचारलं. नाही हो. रंकाळ्याच्या काठावर, पन्हाळ्याच्या तटाखाली, नाहीतर उसाच्या बांधावर जाऊन बसायचं, समोर दिसतंय ते बघायचं आणि पेनानं काचेवर काढायचं. कागदावर काढतात तसंच. फरक इतकाच की कागद नाही, रंगाच्या ट्यूबा नाहीत, पाण्याचा डबा नाही, आणि बॅटरी संपली की गुमान उठून घरी यायचं.

टॅब मी चित्रांसाठी घेतला नव्हता. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलवर भरू लागले. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. आमच्या मुलींना 'ल' आणि 'ळ', 'न' आणि 'ण' यांतला फरक फळ्यावर हात फिरवून दाखवावा लागतो, नुसतं बोलून भागत नाही. म्हणून पेनवाला टॅब घेतला, हप्त्यावर. पुढं शाळा उघडली, फळा परत मिळाला आणि टॅब कपाटात गेला. एका दिवाळीच्या सुट्टीत तो बाहेर काढला आणि अक्षरं गिरवायच्या त्याच पेनानं खिडकीतून दिसणारी शेजारची कौलं काढली. तिथून लागलेली सवय अजून सुटलेली नाही.

उघड्यावर टॅब घेऊन बसणाऱ्याचा पहिला वैरी म्हणजे ऊन. घरात झगझगीत दिसणारा पडदा रंकाळ्यावर सकाळी नऊ वाजता काळ्या परातीसारखा दिसतो. चित्र दिसायच्या ऐवजी आपलाच चेहरा दिसतो. ब्राइटनेस शंभर टक्के केला तरी सूर्यापुढं त्याची काय मजाल! त्यात काच चकचकीत. समोर जे असेल त्याचं प्रतिबिंब तिच्यात पडतं, आणि समोर बहुतेक वेळा आपले कपडेच असतात. पांढरा दुपट्टा घेतला असेल तर चित्रावर कायमचा पांढरा ढग. काळ्या बुरख्याचा इतका रोकडा उपयोग मला कुणी सांगितला नव्हता. काळं कापड उजेड परत फेकत नाही, त्यामुळं पडदा स्वच्छ दिसतो. उघड्यावर तैलरंगात काम करणारे चित्रकारही भडक कपडे टाळतात, कारण कपड्याची झाक ओल्या रंगावर उतरते. माझी ती सोय आपोआप झाली.

दुसरा वैरीही ऊनच, पण तो घरी आल्यावर कळतो. उन्हात पडदा फिका दिसतो म्हणून माणूस रंग गडद करत जातो, उजळ रंग आणखी उजळ करत जातो. घरी सावलीत उघडून बघावं तर चित्र लग्नाच्या मांडवासारखं झालेलं असतं. यावर उपाय साधे आहेत. झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत बसायचं. ब्राइटनेस आपोआप कमी-जास्त होऊ द्यायचा नाही, एकदा ठरवून तिथंच ठेवायचा. आणि संध्याकाळी डोळ्यांच्या सोयीसाठी पडदा पिवळसर करणारी जी एक करामत प्रत्येक टॅबमध्ये असते, ती बंद ठेवायची. नाहीतर मगरीबच्या आधीचं निळं आभाळ काढताना निळा कितीही टाकला तरी तो निळा दिसतच नाही. मे महिन्यात टॅब तापतो. अशी यंत्रं साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी केलेली असतात. त्यापुढं ती आपणहून पडदा मंद करतात, नाहीतर बंदच पडतात. पावसाळ्यात पाण्याचा थेंब पडला की काच त्याला बोट समजते आणि ज्योतिबाच्या डोंगरावर भलतीच रेघ उमटते. म्हणजे आपल्याकडं टॅबवाल्याचे महिने ऑक्टोबर ते मार्च. त्यातही सहामाहीचे पेपर तपासायचे दिवस वजा करा.

चित्राला उजेड चांगला कधी असतो? चित्रकलेची पुस्तकं सांगतात, सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर. आमच्या घरात हेच वेगळ्या नावानं ठाऊक होतं. असरच्या नमाजची वेळ घड्याळं येण्याआधी सावलीवरून काढत. सूर्य माथ्यावर असताना जी थोडी सावली असते ती सोडून द्यायची. उरलेली सावली वस्तूच्या उंचीइतकी झाली की शाफई लोकांची असर सुरू होते, दुप्पट झाली की आम्हा हनफींची. कोकणातले आमचे नातेवाईक शाफई. लहानपणी उन्हाळ्यात त्यांच्याकडं गेलं की असरची अजान लवकर व्हायची आणि आमचा लगोरीचा डाव मध्येच मोडायचा, याचा मला फार राग यायचा. आता त्याच हिशेबानं मी निघते. शाफई असरला घरातून बाहेर पडायचं, हनफी असरला नमाज पढून बसायचं. सावली उंचीच्या दुप्पट झाली की जमीन बोलायला लागते. सकाळी सपाट दिसणाऱ्या रानात वाफे दिसतात, बांध दिसतात, बैलगाडीची चाकोरी दिसते. मगरीबची अजान झाली की खेळ खलास. मध्ये दीड-दोन तास मिळतात, आणि तेवढ्यात जे होईल ते चित्र.

"चित्र काढलेलं चालतं का?" हा प्रश्नही येतोच, बहुतेक वेळा आमच्यातल्याच बायकांकडून. उत्तर फार जुनं आहे. चित्रं काढून पोट भरणारा एक माणूस इब्ने अब्बासांकडं (रजि.) आला तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं की काढायचंच असेल तर झाडं काढ, ज्यात जीव नाही अशा वस्तू काढ. ही रिवायत बुखारीत आहे. झाडं, डोंगर, पाणी एवढं मला जन्मभर पुरेल. मी माणसं काढत नाही याचं आणखी एक कारण म्हणजे ती दहा मिनिटं एका जागी बसत नाहीत, पण ते मी त्या बायकांना सांगत बसत नाही.

कोल्हापूर भागात निसर्गचित्र काढायचं म्हणजे हिरव्याशी कुस्ती. ऊस हिरवा, भात हिरवं, गवत हिरवं, डोंगर हिरवा. आणि टॅबच्या रंगचक्रात हिरव्यावर पेन टेकवलं की जो हिरवा मिळतो तो प्लास्टिकच्या बादलीचा असतो. असा हिरवा रानात कुठंही नाही. टॅबवर रंगाला तीन पट्ट्या असतात: रंग कोणता, तो किती तीव्र आणि किती उजळ. नवखा माणूस पहिल्या पट्टीत अडकतो, खरी गंमत दुसऱ्या पट्टीत आहे. तीव्रता निम्म्यावर आणली की बादलीचा हिरवा गवताच्या जवळ येतो. ऊस प्रत्यक्षात बराच पिवळ्याकडं झुकलेला असतो. भाताचं रान कापणीच्या आधी जवळजवळ सोनेरी असतं, आपल्या डोक्यात ते 'हिरवंगार' म्हणून बसलेलं असतं एवढंच. आणि थंडीत उसाला तुरा आला की सगळ्या फडावर रुपेरी, किंचित जांभळट झाक येते, संध्याकाळच्या उन्हात तर फड म्हातारा झाल्यासारखा दिसतो. शेतकऱ्याला तुरा आवडत नाही, कारण त्यानंतर उसाचं वजन घटायला लागतं. मला आवडतो. हे मी उसाच्या बांधावर बसून मोठ्यानं बोलत नाही.

लांबचं फिकं आणि निळसर, जवळचं गडद आणि उबदार, हा नियम शाळेतल्या चित्रकलेच्या तासालाही सांगतात. आपल्या आणि डोंगराच्या मध्ये जी हवा असते ती निळा उजेड पसरवते म्हणून तसं दिसतं. टॅबवर हे सांभाळायला सोपं जातं, कारण चित्र एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखं असतं. त्याला थर म्हणू. सगळ्यात खाली आभाळ, त्यावर लांबचा डोंगर, त्यावर रान, सगळ्यात वर जवळचं झाड. डोंगर फार पुढं आल्यासारखा वाटला तर फक्त त्या थराची तीव्रता कमी करायची, बाकी चित्राला धक्का लागत नाही. जलरंगात हे शक्य नाही. तिथं कागद ओला असतानाच काय ते ठरतं.

पण याच सोयी माणसाला बिघडवतात असं माझं मत आहे. दोन बोटांनी काच टिचकवली की शेवटची रेघ पुसली जाते. म्हणून माणूस काढतो, पुसतो, काढतो, पुसतो, आणि सूर्य काही त्याच्यासाठी थांबत नाही. दोन बोटं फाकवली की चित्र मोठं होतं, मग एका पानावर वीस मिनिटं जातात, आणि मागं येऊन बघावं तर ते पान मुंगीएवढं. मी स्वतःला दोन बंधनं घालून घेतली आहेत: बाहेर असताना झूम करायचं नाही आणि आभाळ एकदाच काढायचं. आभाळ तर पुसून परत काढताच येत नाही, कारण परत बघेपर्यंत ते राहिलेलंच नसतं.

या सवयीचा उपयोग मला वर्गात झाला तो वेगळाच. बीएडला असताना आम्हाला शैक्षणिक साधनं करायला लावायचे. मी रात्र रात्र जागून तक्ते रंगवले. पाठ टाचणात लिहायचं, 'विद्यार्थी निसर्गसौंदर्याचा आस्वाद घेतील.' आणि निबंधाच्या वहीत वर्षानुवर्षं तेच: पूर्वेला तांबडं फुटलं, पक्षी किलबिल करू लागले, आभाळ निळंशार होतं. आमच्या शाळेतून पूर्वेला मोबाइलचा टॉवर दिसतो. गेल्या वर्षी आठवीच्या मुलींना मैदानात नेलं, टॅब एकीच्या हातात दिला आणि म्हटलं, आभाळाचा रंग निवड. तिनं निळा निवडला आणि टॅब वर आभाळाशेजारी धरला. सगळ्या एकदम म्हणाल्या, "मॅडम, ये तो सफेद है!" वीस मिनिटं त्या नुसत्या रंग शोधत होत्या. त्या दिवशीच्या निबंधात एकीनं आभाळाला 'ताकासारखं' म्हटलं. मी त्या शब्दाखाली लाल पेनानं रेघ मारली आणि शेजारी 'वा' लिहिलं.

आता अब्बांकडं येते.

माझे अब्बा बोर्ड रंगवायचे. दुकानांचे बोर्ड, शाळांचे बोर्ड, मशिदीच्या दारावरची उर्दू अक्षरं, लग्नाच्या मांडवातली 'सुस्वागतम', गाड्यांच्या नंबर प्लेटा. दोरीला खडू चोळून भिंतीवर सूत मारायचं, त्या दोन रेघांत अक्षरं बसवायची, हात हलू नये म्हणून डाव्या हातात एक काठी आडवी धरून तिच्यावर उजवं मनगट टेकवायचं. मराठी डावीकडून, उर्दू उजवीकडून, दोन्ही त्यांच्या हातात सारख्याच सफाईनं यायच्या. चेहरे त्यांनी कधी काढले नाहीत. त्यामुळं सिनेमाच्या पोस्टरचं काम, ज्यात तेव्हा बरा पैसा होता, त्यांनी घेतलं नाही. पण हॉटेलांच्या भिंतींवर निसर्गदेखावे मात्र काढले: धबधबा, नारळाची झाडं, मावळता सूर्य, एक झोपडी. पाण्यात दोन हंस असावेत असा मालकांचा आग्रह असायचा. अब्बा हंसांच्या जागी कमळं काढून द्यायचे.

मग फ्लेक्स आला. जे काम अब्बांना चार दिवस लागायचं ते मशीन तासाभरात, निम्म्या पैशात, आणि वर मालकाचा फोटो छापून द्यायला लागलं. दोन-तीन वर्षांत दुकानांचे बोर्ड गेले. नंबर प्लेटा राहिल्या होत्या. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना कंपनीकडूनच उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावून यायला लागल्या, तेही गेलं. तोवर त्यांच्या हाताला कंप सुटला होता. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमचं जुनं घर नदीकडच्या बाजूला. अब्बांच्या नमुन्यांच्या वह्या, ज्यांत तीस-पस्तीस वर्षांची अक्षरं होती, माळ्यावर होत्या. पाणी माळ्याला लागलं. वह्या वाळवल्या तेव्हा पानं एकमेकांना चिकटून विटेसारखी झाली होती.

म्हणजे ज्या माणसाचा धंदा कॉम्प्युटरनं खाल्ला, त्याची मुलगी आता कॉम्प्युटरवर चित्रं काढते. आमच्या घरात हे कुणी बोलून दाखवलं नाही. अब्बा फक्त टॅबकडं बघायचे नाहीत. मी बाहेरून आले की विचारायचे, "ऊन होतं का?" चित्राचं विचारायचे नाहीत.

एकदा मीच विषय काढला. डेव्हिड हॉकनी नावाच्या इंग्रज चित्रकाराची गोष्ट सांगितली. जन्म १९३७ चा, म्हणजे अब्बांपेक्षाही मोठा, तैलरंगात नाव कमावलेला. २०१० मध्ये आयपॅड आला आणि सत्तरी ओलांडलेल्या या माणसानं तो उचलला. २०११ च्या वसंतात इंग्लंडमधल्या आपल्या भागातला वोल्डगेट नावाचा रस्ता तो पुन्हा पुन्हा काढत राहिला. त्यातली ५१ आयपॅड-चित्रं मोठ्या कागदांवर छापून पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागली. मग २०२० मध्ये सगळं जग घरात कोंडलेलं असताना तो फ्रान्समध्ये नॉर्मंडीत होता, तिथंही त्यानं आयपॅडवर फुलणारी झाडं काढली, शंभरावर. अब्बांनी ऐकून घेतलं. मी आणखी एक सांगितलं: रंगाची ट्यूबसुद्धा कधीतरी नवीच होती. १८४१ मध्ये जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकारानं धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी रंग घोटून डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून ठेवावे लागत. ट्यूब आल्यामुळं रंग खिशात घालून रानात जाणं सोपं झालं. पुढं फ्रान्सच्या चित्रकारांनी उघड्यावर जी चित्रं काढली, त्यात या ट्यूबेचा मोठा वाटा आहे.

अब्बा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रंग घोटणाऱ्या पोरांचं काय झालं?"

मला उत्तर माहीत नव्हतं. कुठल्या पुस्तकात मी ते वाचलेलंही नाही.

टॅब घेऊन बाहेर बसण्यात आणखी एक गोष्ट आहे, ती कागदवाल्यांना सोसावी लागत नाही. हातात कागद असेल तर लोक मागून डोकावतात, चित्र बघतात, "भारी काढलंय" म्हणून जातात. हातात टॅब असेल तर आपण शूटिंग करतोय असंच वाटतं. त्यात बुरखा. एका पाणवठ्याजवळ, नाव नको, एका रखवालदारानं मला उठवलं. फोटो का काढताय, कुणी पाठवलंय, आधार कार्ड दाखवा. चार माणसं जमली. मी शिक्षिका आहे म्हणून सांगितलं तर शाळेचं नाव विचारलं, आणि शाळेचं नाव ऐकून चेहरे आणखी घट्ट झाले. मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू, पाय थरथरत होते. टॅबमध्ये एक सोय असते. चित्र काढताना प्रत्येक रेघ नोंदवली जाते आणि नंतर ती सगळी पळवून बघता येते. मी ती लावून दाखवली. रिकाम्या पांढऱ्यावर आभाळ आलं, मग डोंगर, मग पाणी, मग पलीकडची बाभळ. बघणाऱ्यातला एक म्हातारा एकदम म्हणाला, "आयला, आमची बाभळ की!" तिथं गाठ सुटली. रखवालदार गेला. म्हातारा मात्र थांबला. "ताई, आमची म्हस बी काढा की. ती बघा पाण्यात." मी काढली. पाण्याबाहेर जेवढी दिसत होती तेवढीच, एक काळी पाठ आणि दोन शिंगं. आता मी त्या बाजूला एकटी जात नाही. बहिणीच्या मुलाला बरोबर नेते. तो मोबाइलवर क्रिकेट बघत बसतो आणि कुणी मला काही विचारत नाही. याचा मला राग येतो. अजूनही येतो.

गेल्या डिसेंबरात पन्हाळ्याच्या वाटेवर एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीसमोर बसले होते. मागं तुऱ्याला आलेला ऊस, त्यामागं गडाची निळी कड. गिरणीच्या भिंतीवर 'दळण कांडप' अशी निळ्या रंगातली अक्षरं, बरीचशी उडालेली. माझ्या चित्रात ती अक्षरं म्हणजे पेनाचे सहा-सात ठिपके आणि वर एक रेघ. भिंत दिसली तशी काढली होती. घरी येऊन चार्जिंगला लावताना टॅब उघडाच राहिला. अब्बा पाणी प्यायला आले आणि थांबले.

"ये मेरा हाथ है," म्हणाले.

मला कळेना. त्यांनी बोट पुढं केलं, थरथरतं. "ही शिरोरेषा खाली उतरतीय ना, डावीकडून उजवीकडं? त्या गिरणीचं छप्पर तिरपं आहे. पाणसळ लावून सरळ रेघ मारली असती तर अक्षरं छपरापासून फाटल्यासारखी दिसली असती. म्हणून मी छपराच्या मानानं उतरती घेतली." मी नुसतं बघून काढलं होतं. ती रेघ तशी का आहे हे तिच्या मालकाकडून कळलं. सहा ठिपक्यांत त्यांनी आपलं पस्तीस वर्षांपूर्वीचं काम ओळखलं होतं.

त्या रात्री त्यांनी पेन हातात घेतलं. टॅबमध्ये हाताचा कंप काढून टाकणारी एक पट्टी असते. ती वाढवली की पेन कसंही हलो, रेघ गुळगुळीत येते. यंत्र हाताच्या हालचालीची सरासरी काढत जातं आणि रेघ जरा मागून ओढल्यासारखी येते. मी ती पूर्ण वाढवून दिली. अब्बांनी 'अलिफ' काढला. सरळ, स्वच्छ, आजारपणाच्या आधी काढायचे तसा. मला भरून आलं. अब्बांनी मात्र तोंड वाकडं केलं. "हा माझा नाही," म्हणाले. मी पट्टी शून्यावर आणली. मग जो अलिफ आला तो वाऱ्यात हलणाऱ्या धाग्यासारखा होता. त्यांनी तो बराच वेळ बघितला आणि पुसू दिला नाही. तो अजून टॅबमध्ये आहे, गिरणीच्या चित्राशेजारी.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "ये चित्र हैच कहाँ?" म्हणजे, हे चित्र आहे कुठं? टॅब बंद केला की कुठं जातं? त्यांच्या वह्या पुरात गेल्या, पण त्या होत्या म्हणून गेल्या.

मी त्यांना सांगितलं की चित्राच्या तीन प्रती तीन ठिकाणी आहेत, टॅब नदीत पडला तरी चित्र राहील. हे खरं आहे, पण त्यांच्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हे एवढं मलाही कळलं. म्हणून गिरणीचं चित्र छापून आणलं. अब्बांच्या हाताखाली काम शिकलेला एक मुलगा, आता चाळिशी ओलांडलेला, फ्लेक्सचं दुकान चालवतो. त्याच्याकडंच गेले. त्यानं समजावलं की पडद्यावरचा रंग म्हणजे दिवा आहे आणि कागदावरचा रंग म्हणजे शाई. दिवा आपला उजेड आपणच देतो, शाईला बाहेरून उजेड लागतो. म्हणून पडद्यावरचं चित्र कागदावर एक पायरी काळवंडतंच. छापायच्या आधी त्यानं चित्र थोडं उजळ करून घेतलं. पैसे घेतले नाहीत. "उस्तादांना सलाम सांगा," म्हणाला, पण स्वतः घरी यायला तो अजून बिचकतो.

अब्बांनी कागद खिडकीपाशी नेला, तिरपा धरला. "हिरवा मेला," म्हणाले. बरोबर होतं. उसाचा पिवळट हिरवा शाईत मातकट झाला होता. निळी अक्षरं मात्र ठीक आली होती. कागद त्यांनी भिंतीवर लावला नाही, गादीखाली ठेवलाय.

कोल्हापूरला चित्रं पाण्यात जायची जुनी सवय आहे. आबालाल रहिमान हे शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार. जे. जे. मध्ये शिकलेले, आणि शिकून मुंबईत न राहता परत आलेले. कोटीतीर्थाच्या काठी राहून त्यांनी हेच पाणी, हीच झाडं, रंकाळा, पंचगंगा काढली. १९२२ मध्ये महाराज गेले तेव्हा त्या दुःखात त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटीतीर्थात सोडली असं इथं सांगतात. १९३१ मध्ये ते वारले. अब्बांना ही गोष्ट त्यांच्या उस्तादांनी सांगितली होती, अब्बांनी मला सांगितली. लहानपणी मी विचारायचे, पाण्यात रंग सुटले असतील का? अब्बा म्हणायचे, मासे रंगीत झाले असतील.

परवाच्या रविवारी मी अब्बांना रिक्षातून कोटीतीर्थावर नेलं. असर व्हायला अवकाश होता. त्यांना झाडाखाली खुर्ची टाकून दिली आणि मी काठावर बसले. आभाळ झालं, पलीकडचा काठ झाला. पाण्यात पलीकडं एक गडद पट्टा दिसत होता, तो कोणत्या थरात घ्यावा याचा मी विचार करत होते. झाडांची सावली म्हणून हिरवट घेणार होते. अब्बा टॅबकडं बघतच नव्हते, पाण्याकडं बघत होते. तिथूनच म्हणाले, "तो पट्टा झाडांचा नाही. भिंतीचा आहे. झाडांचा असता तर वाऱ्यानं वरची कड हलली असती."

मी बघितलं. कड हलत नव्हती. रंगचक्रावर हिरव्यावरचं पेन उचलून तपकिरीवर नेलं.